इन्शुलिनचा पेशीतील प्रवास

लहान मुलाला मधुमेह असल्याचे निदान झाले की आई-वडील डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘‘डॉक्टर, याच्या आजोबांना मधुमेहाची गोळी चालते, मग आमच्या बाळालाच रोज सुई का?’’ हा पहिला. ‘‘साखर तर तपासून झाली, आता ही सी-पेप्टाइड नावाची तपासणी कशासाठी?’’ हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वादुपिंडातील एका सूक्ष्म पेशीत दडलेली आहेत. त्या पेशीत इन्शुलिन कसे तयार होते, त्याला आकार कसा येतो आणि ते रक्तापर्यंत कसे पोहोचते, हे समजून घेतले म्हणजे उत्तरे सहज उलगडतात.

इन्शुलिन हे एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची विशिष्ट क्रमाने ओवलेली माळ. ही माळ कशी ओवायची याचा आराखडा जनुकाच्या रूपाने पेशीच्या केंद्रकात जपलेला असतो. स्वादुपिंडात ‘लँगरहॅन्सची बेटे’ या नावाने ओळखले जाणारे पेशींचे पुंजके असतात. त्यांतील बीटा पेशी या आराखड्याची नक्कल, म्हणजेच संदेशवाहक आरएनए, केंद्रकाबाहेर पाठवतात. बाहेर रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण ही नक्कल वाचतात आणि एकेक अमिनो आम्ल जोडत जातात.

या माळेत एकूण 110 अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी आरंभीच्या 24 आम्लांचे काम पाकिटावरील पत्त्याचे असते. हा पत्ता बाहेर डोकावताच रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाला जाऊन चिकटतो आणि तयार होत असलेली माळ जालिकेच्या आत सरकू लागते. प्रथिने आपला पत्ता स्वतःच्या रचनेतच बाळगतात, हे दाखवून देणारे शास्त्रज्ञ गुंटर ब्लोबेल यांना 1999 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आत पोहोचल्यावर पत्त्याचे काम संपते आणि तेवढा भाग कापून टाकला जातो. उरते ती 86 आम्लांची माळ. तिला प्रोइन्शुलिन म्हणतात.

माळ तयार झाली म्हणजे प्रथिन तयार झाले असे नव्हे. ती नेमक्या घडीत दुमडली गेली तरच तिला कार्य करता येते. हे काम आंतर्द्रव्यजालिकेत चालते. तेथील साहाय्यक प्रथिने घडी नीट बसण्यास मदत करतात, आणि गंधकाचे तीन बंध जुळून तो आकार पक्का होतो. येथेच गुणवत्तेची तपासणीही होते. ज्या माळांची घडी चुकली असेल त्यांना पुढे जाऊ दिले जात नाही. त्या परत बाहेर काढून मोडल्या जातात. अशा सदोष माळा फार साचू लागल्या तर मात्र पेशीवर ताण येतो आणि अखेरीस ती पेशीच मरते.

योग्य घडीचे प्रोइन्शुलिन इवल्या पुटिकांत बसून गॉल्गी संकुलाकडे जाते. इटलीचे वैद्य कामिल्लो गॉल्गी यांनी 1898 साली चेतापेशींत या अंगकाचे वर्णन केले. पुढे अनेक दशके ते खरोखर अस्तित्वात आहे की काचेवरील रंगांचा भास आहे, असा वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटवला. हे संकुल टपालाच्या वर्गीकरण कचेरीप्रमाणे प्रथिनांची छाननी करते. अनेक प्रथिनांना ते शर्करेचे रेणू जोडते किंवा जोडलेल्यांत फेरफार करते, आणि प्रत्येकाला त्याच्या स्थळी रवाना करते. स्वादुपिंडातील प्रथिनांचा हा जालिकेपासून कणिकांपर्यंतचा मार्ग जॉर्ज पॅलाडे यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लांचा माग काढून दाखवला. त्यांना 1974 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

गॉल्गी संकुलातून निघालेल्या कणिकांमध्ये शेवटची काटछाट होते. प्रोइन्शुलिनच्या मधला तुकडा विकरे कापून वेगळा करतात. या 31 आम्लांच्या तुकड्याचे नाव सी-पेप्टाइड. त्याच्या दोन्ही टोकांची दोन-दोन आम्लेही गळून पडतात. मागे राहतात 21 आणि 30 आम्लांच्या दोन साखळ्या, एकमेकींना जोडलेल्या. हेच आपले 51 आम्लांचे इन्शुलिन. जस्ताच्या साहाय्याने त्याचे स्फटिक बनतात आणि कणिका भरून ठेवल्या जातात.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते, ती बीटा पेशीत शिरते आणि तिच्यापासून तंतुकणिकांमध्ये ऊर्जा निर्माण होते. ही ऊर्जा मिळताच पेशीच्या पटलावरील पोटॅशियमचे दार बंद होते. त्यामुळे पटलावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते, आणि भरलेल्या कणिका पटलाशी एकरूप होऊन आपला साठा रक्तात सोडतात.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहू. कणिका उघडते तेव्हा इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू बाहेर पडतो. इंजेक्शनच्या इन्शुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. म्हणून मूल इंजेक्शने घेत असले, तरी त्याच्या स्वतःच्या बीटा पेशी किती इन्शुलिन सोडत आहेत, हे सी-पेप्टाइडवरून कळते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र बिघाड नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे, यावर अवलंबून असते. मुलांमध्ये सामान्यतः आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशींचा नाश करते. कारखानाच उरला नाही, तर त्याला चालना देणारी गोळी काय करणार? इन्शुलिनचीच गोळी दिली, तर पोटातील पाचकरस डाळीतल्या प्रथिनाप्रमाणे तिचेही पचन करून टाकतात. म्हणून इंजेक्शनला पर्याय नाही. आजोबांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात कारखाना शाबूत असतो, जरी दमलेला असला तरी. तेथे गोळी उपयोगी पडते.

परंतु वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झाला, तर कारण बहुधा वेगळे, एखाद्या जनुकातील दोषाचे असते. इन्शुलिनच्या जनुकातील दोषामुळे प्रोइन्शुलिनची घडीच चुकते आणि बीटा पेशी नष्ट होतात, हे 2007 साली प्रसिद्ध झाले. अशा बाळांना इन्शुलिनच द्यावे लागते. दुसरा दोष 2004 साली उजेडात आला. त्यात पोटॅशियमचे दार उघडेच राहते. इन्शुलिन तयार आहे, घडी योग्य आहे, कणिका भरलेल्या आहेत. केवळ बाहेर पडण्याचा इशारा मिळत नाही. आणि हे दार बंद करणारे औषध वैद्यकाजवळ अनेक दशकांपासून होते! सल्फोनिलयुरिया गटातील ही गोळी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी, म्हणजे आजोबांसारख्या रुग्णांसाठी, वापरली जात असे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या 49 रुग्णांपैकी 44 जणांचे इन्शुलिन या गोळ्यांमुळे पूर्णपणे थांबवता आले.

म्हणून पालकांना आमची आग्रहाची विनंती आहे. आपल्या मुलाच्या मधुमेहाचे निदान सहा महिन्यांच्या आत झाले असेल, मग ते मूल आज कितीही मोठे असो, तर जनुकीय तपासणीविषयी बालरोगतज्ज्ञांना किंवा मधुमेहतज्ज्ञांना अवश्य विचारावे. मात्र तपासणीचा निष्कर्ष हाती येऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत इन्शुलिनचा एकही डोस चुकवू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर कोणाच्याही सांगण्यावरून इन्शुलिन बंद करणे प्राणावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट. पेशीने एवढ्या निगुतीने घातलेली घडीच इंजेक्शनच्या कुपीतील इन्शुलिनलाही कार्यक्षम ठेवते. बर्फ झाल्याने किंवा उन्हाच्या तापाने ती मोडते. म्हणून न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये, आणि एकदा गोठलेली कुपी वितळली तरी वापरू नये.