लोहावर जगणारी पेशी आणि लोणारचं पाणी

पेशीपासून आकाशगंगेपर्यंत : भाग ७

आज थ्राइव्ह या संगणकीय खेळाच्या बहुपेशीय अवस्थेत शिरायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. सिडकोतल्या एका बारावीच्या विद्यार्थ्याने असा प्रश्न पाठवलाय की तो बाजूला ठेवून पुढे जाणं माझ्या जिवावर आलं.

तो लिहितो, "थ्राइव्हमध्ये मी माझ्या पेशीला रस्टिसायनिन दिलंय. लोहाचे तुकडे दिसले की ती तिकडे पळते आणि मस्त जगते. लोणारचं अख्खं विवर बसाल्टमधलं, आणि बसाल्टमध्ये लोह भरपूर. मग ही पेशी लोणारच्या तळ्यात जगेल ना?"

बाळा, नाही जगणार. पण का नाही, हे फार सुंदर आहे.

आधी खेळापुरतं उत्तर. थ्राइव्हच्या नकाशातले पट्टे समुद्राचे आहेत : खोल तळावरची उष्ण झोतमुखं, किनारा, खाडीचं मुख, बर्फाखालचं पाणी. चारी बाजूंनी कोंडलेलं खारं तळं त्यात नाही. तेव्हा लोणार आपल्याला कागदावरच खेळावं लागेल.

रस्टिसायनिन हे खेळ करणाऱ्यांच्या कल्पनेतून आलेलं नाव नाही. लोहावर जगणाऱ्या खऱ्या जिवाणूंमध्ये सापडणारं, तांबं असलेलं हे निळं प्रथिन आहे. खाणींतल्या आम्लधर्मी पाण्यात हे जिवाणू राहतात. विरघळलेल्या लोहाकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा आणि त्यावर गुजराण करायची, हा त्यांचा धंदा. त्या पाण्याचा सामू दोनच्या आसपास असतो. लोणारचा दहाच्या आसपास. सामूच्या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट. आठ पायऱ्या म्हणजे दहा कोटी पट.

आम्लात लोह विरघळलेलं राहतं. अल्कधर्मी पाण्यात हवा लागली की ते झपाट्याने गंजतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. म्हणजे लोणारच्या काठावर लोह पायाखाली आहे, पण पेशीच्या ताटात नाही. भरल्या कोठाराच्या दाराशी तुझी पेशी उपाशी मरेल.

मग तिथे जगतं कोण? जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेलो होतो आणि फोनवर येणारे फोटो खरे की खोटे यावर वाद घालत होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हॅलोआर्किया हे उत्तर सापडलं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठावर प्रेम करणाऱ्या या सूक्ष्मजीवांचं फावलं. त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने तळं रंगलं. ते रंगद्रव्य कडक उन्हापासून त्यांना जपतं. पुढे रंग ओसरला. आपल्या शहरापासून काही तासांवर, डोळ्यांदेखत, परिस्थितीने सूक्ष्मजीवांच्या एका गटाला वर काढलं आणि पुन्हा खाली बसवलं.

थ्राइव्ह ज्याच्या प्रेमातून जन्मलं त्या स्पोअर या खेळामध्ये मला नेमकं हेच भेटलं नव्हतं. 2005 साली त्याचे निर्माते विल राइट यांनी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हापासून मी दिवस मोजत होतो. सप्टेंबर 2008 मध्ये तो आला आणि औरंगपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत पेशीची अवस्था मी अर्ध्या तासात ओलांडली. तोंड लावा, काटे लावा, शेपूट लावा, चला जमिनीवर! मला तो खेळ आजही आवडतो. पण माझी पेशी कुठल्या पाण्यात आहे, असं त्याने मला एकदाही विचारलं नाही.

चाहत्यांनी थ्राइव्ह उभं केलं ते हा प्रश्न विचारण्यासाठी. इथे खर्चायला शंभर म्युटेशन पॉइंट मिळतात, पण नवा भाग बसवला की त्याचं ऊर्जेचं बिलही येतं. विभागायचं तर अमोनिया आणि फॉस्फेट गोळा करावं लागतं. तुम्ही एक जात घडवत असता, तेव्हा खेळातली ऑटो-इव्हो ही यंत्रणा बाकीच्या जाती बदलत असते. इतकी वर्षं काम चालू आहे, नोव्हेंबर 2021 पासून हा खेळ स्टीमवरही आहे, आणि त्याचा सर्वांत भरीव भाग आजही एका पेशीचाच आहे. पुढच्या अवस्था रेंगाळल्या, अशी तक्रार काही वाचक करतात. मला ते रेंगाळणं वाटत नाही. पृथ्वीवरचं जीवन दोन अब्जांहून अधिक वर्षं प्रामुख्याने एकपेशीयच होतं. स्पोअरने अर्ध्या तासात उरकलेल्या काळाला या लोकांनी त्याचा खरा मान दिला.

आता त्या विद्यार्थ्यासाठी गृहपाठ. कागदावर एक षटकोनी जाळी आख. रस्टिसायनिन काढून टाक. बाहेर दहा सामूचं पाणी आहे, आतला सामू त्याहून खाली राखायचाय. पाण्यात प्रोटॉनची टंचाई आहे, पण सोडियम मुबलक. अल्कप्रेमी जिवाणूंपैकी काहींची कशाभिका सोडियमच्या ओघावर फिरते. तुझी कशावर फिरवशील? ऊन भरपूर आहे, त्याचं काय करशील?

चित्र पाठव. बहुपेशीय अवस्थेची सुरुवात त्याच पेशीपासून करू.