मूल नसले तर पुरुषाचीही तपासणी हवी

गोठ्यातली म्हैस दोनदा फळवूनही उलटली, तर शेतकरी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेतो. पण त्याच वेळी रेडा म्हातारा तर झाला नाही ना, याचीही चौकशी करतो. दवाखान्यातून मिळणाऱ्या रेताच्या कांड्या तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच गोठवलेल्या असतात. गोठ्यात आपण जे शहाणपण दाखवतो ते माजघरात कुठे जाते, कोण जाणे! लग्नाला तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की सुनेच्या मागे दवाखाने, वैदू, नवस आणि शेजारणींचे सल्ले लागतात. मुलाला कोणी काही विचारत नाही. 'वांझ' हा शब्दही आपण बाईलाच लावतो.

याच खानापूर भागातले एक जोडपे काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले होते. लग्नाला सहा वर्षे झाली होती. बायकोचे दोनदा क्युरेटिंग झाले होते, महिन्याच्या गोळ्या चालू होत्या, एक शेतही गहाण पडले होते. नवरा धट्टाकट्टा, दिवसभर कोळपणी करणारा. सासूबाई आम्हाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारीत होत्या, "फादर, हे लग्न मोडता येईल का?" आम्ही त्यांना विचारले, "मुलाची तपासणी झाली का?" त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. पुढे तपासणी झाली. मुलाच्या वीर्यात शुक्राणू फारच थोडे निघाले आणि डाव्या अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या आढळल्या. काही शे रुपयांची ही तपासणी पहिल्याच वर्षी झाली असती, तर त्या मुलीच्या अंगावरचे दोन्ही क्युरेटिंग कदाचित टळले असते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषात असतो. कधी एकट्या पुरुषात, कधी दोघांतही. नवराबायको एकत्र राहत असून वर्षभरात गर्भ राहिला नाही, तर दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांहून जास्त थांबू नये. 'एकत्र राहत असून' हे शब्द मात्र नीट वाचावेत. नवरा गोव्यात कामाला किंवा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणारा, असे असेल तर त्याला वंध्यत्व म्हणता येत नाही. स्त्रीच्या महिन्यात गर्भ राहण्याजोगे दिवस पाच-सहाच असतात आणि ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीचे असतात.

आता ओळखायचे कसे? लोकांची समजूत अशी, की ज्याला संबंध ठेवता येतो तो मूल देऊ शकतोच. हे खरे नाही. पुरुषत्व आणि जननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यात शुक्राणूंचा भाग अगदी थोडा असतो, बाकी सारा द्रव इतर ग्रंथींतून येतो. म्हणून वीर्य दिसायला नेहमीसारखे असते, शरीर सुदृढ असते, इच्छाही असते, आणि तरी त्यात शुक्राणू एकही नसतो. बहुतेक पुरुषांत बाहेरून काहीच खूण दिसत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शेतीच्या औषधाचेच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॅथ्रॉप नावाचे गाव आहे. तेथील एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे औषध तयार होई. नेमॅगॉन या नावानेही ते विकले जाई. जमिनीत राहून पिकांची मुळे पोखरणारे सूत्रकृमी मारण्यासाठी ते वापरीत. 1977 साली कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून असे निघाले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना इतक्यात मूलच झालेले नाही. त्यांची तपासणी झाली. जे तीन वर्षे किंवा जास्त काळ त्या औषधाजवळ राबले होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. नुकतेच कामाला लागलेल्यांची संख्या मात्र चांगली होती. त्यांपैकी कोणी आजारी नव्हता. कोणाला ताप नव्हता की वेदना नव्हत्या, संसारसुखातही फरक पडला नव्हता. आपापसात बोलणे झाले नसते तर हे कधी उघडकीस आले असते, कोणास ठाऊक! संतापजनक गोष्ट ही, की या औषधाने उंदरांचे वृषण आक्रसतात हे 1961 सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आले होते. अमेरिकेने 1979 साली त्याचा बहुतेक सर्व वापर थांबवला. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात केळीच्या मळ्यांत ते वापरले गेले आणि तेथील हजारो मजूर निपुत्रिक झाले. आपल्या देशात 1989 साली त्यावर बंदी आली. काम सोडल्यावर काही कामगारांचे शुक्राणू परत आले. ज्यांचे पूर्णच संपले होते त्यांच्यापैकी पुष्कळांचे आले नाहीत.

आज आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी सगळीच औषधे अशी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पण फवारणीची आपली पद्धत पाहिली की जीव धास्तावतो. पाठीवरचा पंप गळका असतो, त्याचे पाणी पाठीवरून कमरेत आणि कमरेतून मांड्यांत उतरते, आणि गडी भिजलेल्या चड्डीवर संध्याकाळपर्यंत फवारत राहतो. अंडकोशावरची कातडी अतिशय पातळ असते. मनगटाजवळच्या कातडीतून औषधाचा जेवढा अंश आत जातो, त्याच्या कितीतरी पट येथून जातो, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. म्हणून पंपाचा वायसर आधी बदलावा, मगच औषध भरावे. लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार आणि हातमोजे घालावेत. औषध हाताने ढवळू नये, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहू नये. काम संपताच साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. ते धुणाऱ्या घरच्या बाईचाही विचार करावा!

दुसरे कारण उष्णतेचे. देवाने वृषण पोटात न ठेवता बाहेर ठेवले, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे हंगामभर जाळ घालणारे, विटा-कौलांच्या भट्टीवरचे, पावाच्या भट्टीपुढे रात्र काढणारे, दिवसभर ट्रक चालवणारे, यांना हा त्रास संभवतो. मोठ्या तापानेही शुक्राणू काही काळ घटतात. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवा शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात. हळवे भात पेरून कापायला येते, साधारण तेवढाच हा काळ. म्हणून गणपतीत आलेल्या तापाचा परिणाम नाताळच्या सुमारासही अहवालात दिसू शकतो. आणि तंबाखू आज सोडली, तर तिचे फळ उद्याच्या तपासणीत शोधू नये.

फुगलेल्या शिरांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण हे कारण पुष्कळदा सापडते आणि त्यावर इलाजही आहे. डॉक्टर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. बहुधा डाव्या बाजूला असते. उभे राहिल्यावर अंडकोशाच्या वरच्या भागी गांडुळांचा गोळा हाताला लागावा तसे वाटते. आडवे झाले की कमी होते. संध्याकाळी जडपणा वाटतो, पुष्कळांना तेही जाणवत नाही. शंभरातल्या पंधरा पुरुषांना ते असते आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना मुले होतात, हेही खरे. म्हणून शिरा दिसल्या की लगेच शस्त्रक्रिया असे नव्हे. शुक्राणू कमी असतील आणि पत्नीची तपासणी झालेली असेल, तरच डॉक्टर ती सुचवतात.

काही कारणे बालपणातली असतात आणि तेथे आईबापांनीच लक्ष द्यायचे असते. बाळाचे दोन्ही वृषण पिशवीत उतरले आहेत की नाही, हे बारशाच्या वयातच पाहावे. सहा महिन्यांपर्यंत उतरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली चांगली. "मोठा झाला की उतरेल" असे म्हणणाऱ्या आज्यांचे ऐकू नये. वयात आलेल्या मुलाला गालगुंड होऊन वृषणाला सूज आली तर तीही अंगावर काढू नये. क्षयरोग, गुप्तरोग किंवा हर्नियाच्या जुन्या शस्त्रक्रियेतली इजा यांमुळे शुक्राणूंची वाट बंद होऊ शकते. मधुमेहात कधी कधी वीर्य उलटे मूत्राशयात जाते. मग ते बाहेर अगदी थोडे येते आणि नंतरची लघवी गढूळ दिसते. दाढीमिशा विरळ होणे, छाती बायकांसारखी वाढणे, इच्छा कमी होणे, वृषण लहान असणे, या खुणा असल्यास शरीरातल्या स्रावांची तपासणी करावी लागते. वृषणात कठीण गाठ लागली तर मुलाबाळांचा प्रश्न नंतर, आधी कर्करोग नाही ना याची खात्री करावी. आणि व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना सांगायचे, की या 'मर्दपणाच्या' औषधाने वृषणांचे काम थंडावते आणि शुक्राणू नाहीसे होतात. एस्टी स्टँडच्या भिंतींवर ज्यांची नावे रंगवलेली असतात त्या गुप्तरोगतज्ज्ञांविषयी आम्ही काय लिहावे? त्यांच्या भस्मांत शिसे असेल तर उरलेसुरलेही जाईल.

तपासणीला घाबरण्यासारखे काही नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यावा लागतो. तो सगळा हवा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला हवा. घरून नेत असाल तर बाटली सदऱ्याच्या आत अंगाशी धरावी, थंड पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या प्रमाणानुसार एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि त्यांतले शेकडा 42 हालचाल करणारे, ही खालची मर्यादा आहे. आकडा कमी आला तर एकाच अहवालावर विसंबू नये, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. शून्य आला तरीही कारण शोधावे. वाट बंद असेल तर काही वेळा ती उघडता येते.

नमुना कसा द्यावा, हा प्रश्न कॅथलिक जोडपी आम्हाला संकोचाने विचारतात. हस्तमैथुनाचा मार्ग ख्रिस्तसभेला मान्य नाही. नैतिक शास्त्राचे अनेक अभ्यासक अशी पद्धत योग्य मानतात, की शुक्राणूंना न मारणारी, बारीक छिद्र पाडलेली खास पिशवी वापरून पती-पत्नीच्या संबंधातूनच नमुना घ्यावा. नेहमीचा निरोध यासाठी चालत नाही. डॉक्टरांना आधी सांगितले तर ते समजून घेतात. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया यांना ख्रिस्तसभेची मुळीच आड नाही. नळीतल्या गर्भधारणेला मात्र 1987 च्या 'दोनुम विते' या सूचनापत्रात नकार दिलेला आहे. डॉक्टरांनी तो मार्ग सुचवला तर निर्णयाआधी आमच्याशी बोलावे.

आता त्या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. 1983 च्या कॅनन कायद्याच्या 1084 व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की वंध्यत्वामुळे विवाहाला बंदी होत नाही आणि झालेला विवाह रद्दही ठरत नाही. जाणूनबुजून लपवून फसवले असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की सून तुमचीच आहे आणि मुलाला सोमवारी डॉक्टरांकडे पाठवा. सोमवारी मुलगा गेला. सून बरोबर होती.