सुकटीचा वास आणि मलेशियाचे ताट

सुके बोंबील, जवळा, सुकट यांचा वास आपल्या घरांना नवा नाही. महिनाअखेर आली, भाजी परवडेनाशी झाली की मूठभर जवळा, कांदा आणि लाल तिखट यांवर आपल्या माता-भगिनींनी कितीतरी संसार तारून नेले आहेत. पण याच वासापायी मुंबईसारख्या शहरात भाड्याची खोली नाकारली जाते. शाळेत मुले डबा अर्धवट झाकून खातात. म्हणूनच समुद्रापलीकडच्या एका देशातील जेवणाची हकिकत या पानावर सांगाविशी वाटते.

तो देश मलेशिया. राजधानी क्वालालंपूर. तेथील मोठमोठ्या बाजारसंकुलांत, मग ते जुळ्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी १९९८ साली उघडलेले सुरिया केएलसीसी असो की दुसरे एखादे, एका मजल्यावर 'फूड कोर्ट' असतेच. कडेने खाद्यपदार्थांचे गाळे आणि मध्ये सर्वांची सामाईक टेबले, अशी ही रचना. ट्रे घ्यावा, समोर मांडलेले पाहून पदार्थ निवडावा, रिंगिट मोजावेत आणि खुर्ची मोकळी दिसेल तेथे बसावे. शेजारी कोण बसला आहे, हे कोणी विचारीत नाही. हाताने जेवणारेही पुष्कळ असतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

येथे सर्वांच्या तोंडी असलेला पदार्थ म्हणजे 'नासी लमाक'. नासी म्हणजे भात. तो नारळाच्या दुधात, पांदानची सुवासिक पाने घालून शिजवतात. सोबत उकडलेले किंवा तळलेले अंडे, काकडीच्या चकत्या, भाजलेले शेंगदाणे आणि कुरकुरीत तळलेली बारीक सुकी मासळी. ही मासळी आपल्या मांदेलीच्या कुळातली. वर लालभडक 'संबाल', म्हणजे मिरचीची झणझणीत चटणी. या चटणीचा जीव 'बलाचान' नावाच्या वडीत असतो. अगदी बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून ती वडी करतात. म्हणजे आपल्या जवळ्याचीच बहीण! तिचा वास उग्र असतो, पण वातानुकूलित, चकचकीत बाजारसंकुलात तो दरवळतो आणि लोक त्या वासाच्या मागे रांग लावतात.

आंबट-तिखट रश्श्यातल्या शेवयांचा 'आसाम लाक्सा' घ्या. त्यात मासळी असते आणि आंबटपणासाठी चिंच किंवा कोकमाच्या कुळातील एक फळ. कणीक हवेत भिरकावून पातळ केलेली, घड्या घालून तव्यावर भाजलेली 'रोटी चनाय' डाळीच्या कालवणाबरोबर मिळते. तिच्या जोडीला 'तेह तारिक', म्हणजे या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतून फेसाळलेला दाट दुधाचा चहा.

वाचकहो, हे पदार्थ राजवाड्यातून आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात कथिलाच्या खाणींत राबायला चिनी मजूर आले. रबराच्या मळ्यांत इंग्रजांनी तमिळ मजूर नेले. 'कांगाणी' म्हणवणारे मुकादम गावोगाव फिरून माणसे जमवीत. या मजुरांत अस्पृश्य ठरवलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. जातही त्यांच्याबरोबर बोटीत चढली आणि मळ्यांवरच्या चाळींत अनेक ठिकाणी पाळली गेली, हेही विसरता येत नाही. 'नासी कांदार' या पदार्थाच्या नावातला 'कांदार' म्हणजे खांद्यावरची कावड. पिनांगमध्ये तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला कालवण टांगून विकत हिंडत. त्यांच्या खाणावळींना आजही 'मामाक' म्हणतात. शब्द तमिळ मामापासून आलेला, आपल्या मामासारखाच. चिनी पद्धतीच्या 'चार क्वे त्याव' या तांदळाच्या पट्ट्यांच्या पदार्थात डुकराची चरबी पडे, कारण अंगमेहनतीच्या माणसाला स्वस्तात ताकद हवी असे.

एवढ्यावरून तेथे सारे आलबेल आहे असे समजू नये. हलाल आणि बिगर-हलाल गाळे वेगळे असतात. पुष्कळ ठिकाणी टेबले पुसणारे आणि भांडी घासणारे हात बांगलादेश, नेपाळ, इंडोनेशियातून पोट भरायला आलेल्या मजुरांचे असतात. तरीही एक फरक मोलाचा वाटतो. तेथे प्रश्न ताटात काय आहे याचा असतो, ताट वाढणाऱ्याचा जन्म कोठे झाला याचा नव्हे.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नासी लमाक, रोटी चनाय आणि तेह तारिक ही त्यातली मुख्य नावे. सुकी मासळी, मजुराची रोटी आणि फेरीवाल्याचा चहा एका देशाने अभिमानाने जगापुढे ठेवला. अन्नाला प्रतिष्ठा आपोआप मिळत नाही. ते खाणारी माणसे मान ताठ ठेवतात, तेव्हाच ती मिळते.

भगिनींनो, येत्या रविवारी हा प्रयोग घरी करून पाहा. दहा-बारा सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवा. कांदा, लसूण आणि भाजलेला मूठभर जवळा घालून वाटा. तेलात मंद आचेवर परता आणि तेल सुटू लागले की चिंचेचा कोळ, थोडा गूळ व मीठ घाला. नारळाच्या दुधातला भात, उकडलेले अंडे, काकडी आणि शेंगदाणे यांसोबत वाढा. वाढताना मुलांना सांगा, की हा एका देशाच्या मानाचा पदार्थ आहे आणि त्यातली सुकट आपल्याच फळीवरच्या डब्यातली आहे. सोमवारी शाळेत डबा उघडताना त्यांना झाकण आड धरावे लागणार नाही.