अलाइनर शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं?

जबलपूरहून नागपूरला गाडीने गेला असाल, तर ज्या ठिकाणी नर्मदा ओलांडता तेच आमचं तिलवारा. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या तो घाट इथलाच. माझा सकाळचा फेरफटका तिथपर्यंत असतो. आजचा विषय मात्र दातांचा आहे. फौजेतून निवृत्त झालेला माणूस दातांवर काय बोलणार, असं वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. एक, माझी सूनबाई बीडीएस आहे आणि इथेच तिचा छोटा दवाखाना आहे. दुसरं कारण माझ्या खालच्या जबड्यात आहे, त्याकडे येतोच.

मागच्या पावसाळ्यात ती एक माहितीपत्रक घेऊन आली. 'दोन दिवसांत क्लिअर अलाइनर शिका' असं त्यावर छापलेलं. फी जवळजवळ एका स्कूटीच्या किमतीएवढी. म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकी वर्षं लोकांना ट्रेनिंग दिलंत. जरा बघा ना, हे कसं वाटतं?"

मी नोकरीत दोनदा इन्स्ट्रक्टर होतो. विषय कळो न कळो, वेळापत्रक समोर आलं की दुधात पाणी कुठे घातलंय ते दिसतं. त्या सोळा तासांपैकी निम्मे तास स्कॅनर आणि प्रिंटरवर, तीन तास दवाखान्याची जाहिरात कशी करावी यावर, आणि कोणता पेशंट घ्यावा, कोणता घेऊ नये, याला पाऊण तास! मी तिला म्हटलं, "थांब. आधी मला ही भानगड नीट समजावून सांग."

तिने सांगितलं ते असं. वेडेवाकडे दात सरळ करायला पूर्वी तारा लावायच्या. अलाइनर म्हणजे दातांवर चपखल बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. पहिला साचा आजच्या दातांपेक्षा किंचित वेगळा असतो, दुसरा आणखी किंचित, असे पंधरा-वीस, कधी चाळीससुद्धा. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दिवसात वीस-बावीस तास घालायचा, फक्त जेवताना आणि दात घासताना काढायचा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा घ्यायचा. कल्पना जुनी आहे. केसलिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ मध्येच मेणात दात थोडे थोडे हलवून त्यावर रबरी साचा बनवला होता. पण हाताने किती साचे बनवणार? १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी, हे काम कॉम्प्युटरवर आणलं. तीच ती इन्व्हिझलाइन काढणारी कंपनी. २०१७ पासून तिची मुख्य पेटंटं संपत गेली आणि बाजार सगळ्यांना मोकळा झाला. आपल्याकडे शहराशहरांत अलाइनरचे फलक दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता दवाखान्यात काय होतं? पूर्वी तोंडात गुलाबी लगदा भरून माप घ्यायचे, ओकारी यायची. आता पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरवतात आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर तुमचे दात उभे राहतात. सॉफ्टवेअर ते ओळीत लावून दाखवतं. वाकडा दात सरकत सरकत जागेवर येतो. पेशंट खूश, डॉक्टरही खूश.

फौजेत हल्ल्याआधी सँड मॉडेल करतात. वाळूच्या टेकड्या, निळ्या पावडरीची नदी, झेंडे. माझ्या अख्ख्या नोकरीत सँड मॉडेलवरचा एकही हल्ला फसलेला मी पाहिला नाही. जमिनीवर गेल्यावर नाल्यात चिखल निघतो. स्क्रीनवरचे दात तसेच. स्कॅनरला हिरडीच्या वरचा दात दिसतो. त्याचं मूळ दिसत नाही, भोवतीचं हाड दिसत नाही. आणि सरकवायचं असतं ते मूळच.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, साधारण मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. दातावर हलका, सतत जोर आला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे नवं हाड भरतं. म्हणून दात सरकतो. जोर जास्त झाला तर त्या पडद्यातला रक्तपुरवठाच दबतो, दात अडून बसतो, मुळाचं टोक झिजू शकतं. आणि मुळात हाडच कमी असेल, तर?

तर काय होतं ते मी सांगतो. निवृत्तीनंतर दुसऱ्या एका शहरात राहत असताना मी खालचे पुढचे दात सरळ करायला गेलो होतो. एकसष्टाव्या वर्षी ही हौस, बायको हसली होती. तिथे पाच मिनिटांत स्कॅन झाला. एक्स-रे काढला नाही, हिरड्यांची खोली मोजली नाही. चौदा साच्यांचा डबा घरी आला. सहाव्या साच्याला खालचा एक दात हलायला लागला. फोन केला तर म्हणाले, थोडं हलणारच. थोडं हलणं खरंच स्वाभाविक असतं, त्यामुळे मी गप्प बसलो. सुट्टीत घरी आल्यावर सूनबाईने पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. हिरड्यांच्या जुन्या आजाराने त्या दाताभोवतीचं निम्मं हाड आधीच गेलेलं होतं. असा आजार असला की दात सरळ करताच येत नाहीत असं नाही. पण आधी आजार आटोक्यात आणायचा, मग अगदी बेताचा जोर लावायचा. हे कुणीतरी बघायला हवं होतं.

म्हणून शिकायचं काय, तर हे बघणं. ऑर्थोडॉन्टिस्ट व्हायला बीडीएसनंतर नीट-एमडीएस देऊन तीन वर्षं एमडीएस करावं लागतं. आमच्या जबलपुरात हितकारिणी डेंटल कॉलेज आहे, नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज आहे. कायद्याने बीडीएस डॉक्टर दातांचं कुठलंही काम करू शकतो, अलाइनरसुद्धा. पण दोन दिवसांच्या सर्टिफिकेटने तो तज्ज्ञ होत नाही. उलटपक्षी, ज्याने वीस वर्षांपूर्वी एमडीएस केलं, त्याला डिजिटल काम नव्याने शिकावंच लागतं. म्हणजे कोर्सची गरज दोघांनाही आहे. कुठला कोर्स, हा प्रश्न आहे.

सॉफ्टवेअर जे दाखवतं त्यातलं प्रत्यक्षात किती उतरतं, हे अमेरिकेत एका संशोधकाने सहकाऱ्यांसह मोजलं आहे. २००९ मध्ये सरासरी ४१ टक्के, आणि २०२० मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा ५० टक्के. दात हिरडीतून वर ओढणं, गोलसर सुळा किंवा उपदाढ फिरवणं, मूळ आतून वळवणं, ही कामं प्लास्टिकला जड जातात, कारण पकडायला धार नसते. मग दातावर कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे चिकटवायचे, रबरबँड लावायचे, दोन दातांमधून मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा घासून जागा करायची, कधी सरळ तारांकडे वळायचं. ज्याला तारा येत नाहीत तो इथे अडकतो. कंपनीचा तंत्रज्ञ दूर बसून आराखडा बनवून पाठवतो. त्यातलं काय खोडायचं हे डॉक्टरलाच कळलं पाहिजे. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी घरपोच साचे पाठवायची. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि कितीतरी लोक अर्ध्या उपचारात लटकले.

मी सूनबाईला एकच सांगितलं, माहितीपत्रकवाल्यांना विचार: कोर्समध्ये एक तरी पेशंट सुरुवातीपासून शेवटच्या रिटेनरपर्यंत बघायला मिळेल का? एका केसला सहा महिन्यांपासून दोन वर्षं लागतात, दोन दिवसांत कुठून दिसणार? तिने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, व्हिडिओ देतो ना."

तिने तो कोर्स सोडला. आता महिन्यातून दोनदा नागपूरला एका एमडीएस बाईंच्या दवाखान्यात जाते. पहिले सहा महिने हातात काहीच दिलं नाही, फक्त एक्स-रेवर रेघा मारून जबड्याचं माप काढायचं आणि हिरड्या तपासायच्या. वैतागली होती. स्वतःच्या दोन केसेस तिने आता सुरू केल्यात, बाईंच्या सहीने. परवा लग्न ठरलेली एक मुलगी आली, चार महिन्यांत दात सरळ हवे म्हणाली. वरचा सुळा चांगलाच फिरलेला होता. सूनबाईने स्कॅन केला, एक्स-रे काढला आणि तिला नागपूरची चिठ्ठी दिली. मुलगी नाराज होऊन गेली. बहुधा दुसरीकडे गेली असेल.

माझा तो दात अजून आहे. आतल्या बाजूने बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधलाय. पेरू मात्र आता फोडी करून खावा लागतो.