कच्ची वही, पक्की वही

गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मी हिशेब लिहिते. धान किती आलं, भरडाई किती झाली, कोंडा कुणाला गेला, बारदाना किती उरला. मिलच्या फाटकाशी ट्रक तोलायचा काटा आहे, त्याला लागून पत्र्याची केबिन. दुपारी दीड ते दोन काटेवाले भाऊ डबा खायला जातात आणि केबिन रिकामी असते. २०१९च्या पावसाळ्यात एका दुपारी मी तिचं दार लावून घेतलं आणि मुंबईच्या एका हेल्पलाइनला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. त्यातलं एक वाक्यही बोलावं लागलं नाही, कारण पलीकडच्या बाईंनीच आधी विचारलं, “ताई, आत्ता आहात तिथून मोकळं बोलता येईल ना? मध्येच कुणी आलं तर काय करायचं, ते आधी ठरवून घेऊ.”

ठरलं ते असं, की कुणी आलं तर मी “बारदान्याचा भाव मागाहून सांगते” म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते. माझ्याबद्दल तोवर घरात, नात्यात बरंच काही ठरवून झालं होतं. माझ्यासोबत बसून कुणी काही ठरवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मागचं थोडं सांगायला हवं. माझं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार असते, रात्रभर नाटक असतं, घरोघर पाहुणे येतात आणि पाहुण्यांसोबत सोयरिकी येतात. उपवर पोरीच्या घरी तो सण कमी आणि परीक्षा जास्त. २०११च्या मंडईत मी सत्तावीसची होते, तीन स्थळं नाकारून झालेली. गोंदियाला टॅलीच्या क्लासमध्ये ‘ती’ भेटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. चौथ्या स्थळाच्या दिवशी दादाने माझा मोबाइल उघडून पाहिला.

पुढचे पाच महिने लवकर सांगून टाकते. आधी पुजाऱ्याकडे नेलं. लिंबू, अंगारा, दर मंगळवारी उपास. मग एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे. ते पूर्ण वेळ दादाशीच बोलले. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, “लग्न करून द्या, ठीक होईल.” झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन मी उन्हाळी धानाच्या रोवणीत उभी राहू शकत नसे. बांधीत चिखलात बसूनच जायची, आणि बाया म्हणायच्या की पोरीला बाहेरचं लागलंय. शेवटी समुपदेशनाला नेलं. टेबलाच्या पलीकडे एक बाई, अलीकडे मी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना आई आणि दादा. दीड तास मला आईचे उपकार मोजून दाखवण्यात आले.

तेव्हापासून ‘समुपदेशन’ हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे त्याचा अर्थ पोरीची समजूत घालणं असाच आहे. पोरगी ऐकत नाही, करा समुपदेशन. पोरगी मैत्रिणीसोबत निघून गेली, आणा धरून आणि करा समुपदेशन. म्हणून मदतीसाठी फोन करायला मला आठ वर्षं लागली. ही आठ वर्षं मी एकटीनेच घालवली असतील असं मला वाटत नाही.

आता थोडं कोरडं, पण लागणारं. बाईला बाईबद्दल, किंवा बाई आणि पुरुष दोघांबद्दल ओढ वाटणं हा आजार नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३मध्ये आपल्या आजारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९०मध्ये. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८मध्ये तेच सांगितलं. मग आजार नाही तर मन आजारी का पडतं? इलान मेयर नावाच्या संशोधकाने यावर पुष्कळ लिहिलंय. त्याचं म्हणणं असं, की अशा माणसांवर रोजच्या ताणावर आणखी एक ताण चढतो. कुणी टोमणा मारतं, घराबाहेर काढतं, हा त्याचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे कुणीतरी काहीतरी बोलेलच या तयारीत सदा राहणं, सतत लपवणं, आणि ऐकलेलं खरं मानून स्वतःचाच तिटकारा करू लागणं.

लपवण्याचं मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या धंद्यात दोन वह्या असतात. कच्ची वही, जिच्यात घडलं तसं उतरतं, आणि पक्की वही, जी दाखवायची असते. एकाच वेळी दोन्ही वह्या चुकू न देणारा मुनीम फार दमतो. मी आणि ‘ती’ एकत्र राहतो. घरमालकाच्या वहीत आम्ही मामेबहीण-आतेबहीण. मिलच्या वहीत ती माझी ‘रूमवाली’. तिचा ताप वाढला तर रजेच्या अर्जात मी आईचा ताप लिहिते, आणि मग मागच्या महिन्यात आईला काय झालं होतं ते आठवत बसते. रविवारी भाजी घ्यायला एकत्र जायचं की मागेपुढे? हसताना हात लागला तर? दिवसाकाठी असे पन्नास हिशेब होतात. माझी झोप त्यात गेली होती. छातीत धडधडायचं, ते मी ॲसिडिटी समजत होते.

फोनवरच्या बाईंनी मला पहिल्या महिन्यात एकच काम दिलं. रोज रात्री लिहायचं, आज पक्की वही कुणाकुणासाठी लिहिली आणि त्यातली खरंच गरजेची कुठली. घरमालकासाठीची गरजेची होती, छप्पर जाऊ शकतं. पण भाजीवाल्या मावशीसाठी मी उगाचच नाटक करत होते. तिला काहीही पडलेलं नव्हतं. कुणाला सांग, कुणाला सांगू नको, असं त्या बाई कधी म्हणाल्या नाहीत. उघड हो, असंही नाही. मोठ्या शहरांतले काही उत्साही लोक ते फार सहज सुचवतात.

बायकांचं दुखणं यात थोडं निराळं आहे. पुरुषांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी गावोगाव जे गट उभे राहिले, त्यातल्या पुष्कळांना एड्स-नियंत्रणाच्या कार्यक्रमातून पैसा मिळाला. बायकांवर प्रेम करणाऱ्या बाया त्या कार्यक्रमाच्या ‘जोखमी’त बसत नव्हत्या, म्हणून कार्यालय नाही, कार्यकर्ती नाही, महिन्याची बैठक नाही. शिवाय पुरुषाला ‘कामाने नागपूरला जातो, मुक्काम पडेल’ एवढं पुरतं. बाईला मुक्कामाचं कारण, सोबत आणि परतीची गाडी तिन्ही सांगावी लागतात. मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट १९९५मध्ये सुरू झाला. तोच पुढे ‘लेबिया’ झाला. हमसफर ट्रस्टमध्ये बायकांसाठी ‘उमंग’ आहे. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ काम करतो. मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस आमच्याच स्टेशनातून सुटते, पण तिच्यात बसायला आधी दादाला सांगावं लागतं.

आणि जिला दोघांबद्दलही वाटतं, तिचं तर कुठेच धड बसत नाही. देवरीकडची माझी एक मैत्रीण आहे, लग्न झालेली, नवरा बरा. त्याच्याआधी तिच्या आयुष्यात एक बाई होती आणि ती अजून मनातून गेलेली नाही. घरच्यांना कळलं तर ते म्हणतील, नवरा आवडतो ना, मग झालं तर. आमच्यासारख्या बाया म्हणतात, तू काय, सुटलीस. मीही एकदा म्हटलं होतं, आणि ती माझ्याशी सहा महिने बोलली नाही. बरोबरच केलं.

इथे मध्येच एक सांगते. आमचा जिल्हा सारसांचा. परसवाड्याच्या तळ्याकडे लोक मुद्दाम जोडी पाहायला जातात. वनखातं दरवर्षी गणना करतं, आणि वर्तमानपत्रं हमखास लिहितात की सारस जन्मभर जोडीदार सोडत नाही. त्या जोडीत नर कोण आणि मादी कोण, ते नुसतं पाहून सांगता येत नाही. दोघं सारखीच दिसतात. कुणी विचारतही नाही.

कायद्याचं काय? ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, एवढं पुष्कळांना माहीत आहे. बायकांविरुद्ध ते कलम क्वचितच लागे. त्यांच्याविरुद्ध पोरगी हरवल्याची किंवा पळवल्याचीच तक्रार होते. शेजारच्या मध्य प्रदेशात १९८७च्या डिसेंबरात लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलिसांनी लग्न केलं, तेव्हा त्यांच्यावर ३७७ नाही लावलं, सरळ नोकरीच गेली.

मला जास्त उपयोगी पडला तो २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याचं तिसरं कलम सांगतं, की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांत कुणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. अठरावं कलम सांगतं, की उपचारात लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. त्या मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या टेबलावर हे दोन कागद असते तर! २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयात मदुराईच्या दोन मुलींचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मान्य केलं, की हा विषय आपल्याला पुरता समजलेला नाही. मग ते स्वतःच मानसशास्त्रज्ञांसमोर जाऊन बसले. मला त्या निकालापेक्षाही हे जास्त आवडलं. त्याच प्रकरणातून पुढे २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं, की कल ‘बदलून’ देण्याचे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे.

आणि ११ मार्च २०२४ला तो माझा नावडता शब्दच सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. केरळातल्या एकीने तक्रार केली होती, की तिच्या जोडीदारणीला आईवडिलांनी कोंडून ठेवलंय. उच्च न्यायालयाने त्या मुलीला समुपदेशनाला पाठवलं होतं. मुलीने आपण आपल्या मर्जीने घरी आहोत असं सांगितल्यामुळे अपील फेटाळलं गेलं. पण न्यायालयाने देशातल्या सगळ्या न्यायालयांसाठी सूचना घालून दिल्या. समुपदेशन किंवा आईवडिलांच्या देखभालीच्या नावाखाली कुणाची ओळख वा कल मोडायचा प्रयत्न होता कामा नये. तिचं म्हणणं घरच्यांच्या दडपणाशिवाय, स्वतंत्रपणे ऐकलं जावं. मला माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आठवल्या.

आता फोन करणाऱ्यांसाठी. सरकारचा ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२मध्ये ‘आयकॉल’ ही हेल्पलाइन सुरू केली. मरीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह २०१९पासून समुपदेशकांनाच शिकवतं, की अशा माणसांसोबत कसं बसायचं. समोरचा माणूस योग्य आहे की नाही ते ओळखायला माझी एक खूण आहे. तो पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या घरच्यांना आत बोलावतो की बाहेर बसवतो, ते पाहा. दुसरी खूण, ‘केव्हापासून असं होतंय?’ असं विचारलं तर उठून या. गोळ्यांना मात्र घाबरू नका. मला धडधडीसाठी पुढे एका चांगल्या डॉक्टरांनी वर्षभर गोळ्या दिल्या, त्यांनी झोप परत आली. त्या गोळ्या माझ्या घाबरेपणावर होत्या, आमच्या नात्यावर नव्हत्या.

आईचं विचाराल, तर २०२१च्या डिसेंबरअखेर नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी अंगठ्या घालून आपलं नातं जाहीर केलं. त्यातली एक तर मनोविकारतज्ज्ञ. घरचे सगळे हजर होते. छापून आलेला फोटो मी गावी नेऊन आईपुढे ठेवला. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, “डॉक्टरणी आहेत वं. त्यांले चालते. आपल्याले नाही चालत.” मला राग आला, पण ती चूक नव्हती. मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलामुलींच्या पालकांचा गट आहे. मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलू? यंदा गावाहून नवा तांदूळ आला तेव्हा पोत्यासोबत लाखोळीची डाळ होती. मी लाखोळी खात नाही. ‘ती’ खाते. हे आईला कधी कळलं, मी विचारलेलं नाही.

शिधापत्रिकेत अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असं केंद्र सरकारने २०२४मध्ये राज्यांना कळवलंय. आम्ही अजून अर्ज केलेला नाही. रेशनच्या रांगेत सगळी गल्ली असते. पण मानसिक आरोग्याच्या त्याच कायद्यात चौदावं कलम आहे. मन आजारी पडलं तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते कुणीही प्रौढ माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवू शकतो. असं लिहिलेलं नसेल तर ते काम नातेवाइकांकडे जाऊ शकतं. माझ्या बाबतीत दादाकडे.

मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही दोन कागद घेतले. मी तिचं नाव लिहिलं, तिने माझं. पत्ता एकच. ती म्हणाली, “नातं काय लिहू?” मी कलम पुन्हा वाचलं. नात्याचं काही विचारलेलं नव्हतं. सह्या केल्या, तारीख टाकली, आणि कागद मिलमधून आणलेल्या एका कोऱ्या पक्क्या वहीत ठेवून दिले.