पदवी झाली, पुढे काय?

निकालाचे पेढे संपले, की आमच्या परतूरच्या नव्या पदवीधरांकडून एकच उत्तर ऐकू येते : "सर, तलाठ्याची तयारी करतोय!" त्यात गैर काही नाही, पण हिशेब तरी करावा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा निघाल्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार! राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ वर्षे, मागासवर्गीयांना ४३. मर्यादा लांब म्हणून तयारीही लांबवायची आणि तोवर धाकट्या बहिणीची फी थकवायची, हे मला पटत नाही. परीक्षा जरूर द्यावी. पण किती वर्षे, ते आधी आईवडिलांसमोर बसून ठरवावे.

तोवर हातही रिकामा नसावा. जालना गाडीने तासाभरावर. तिथे पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली ती तिथेच. अशा ठिकाणी आवक-जावक, गोदाम, वसुली ही कामे काही इंजिनिअर करीत नाहीत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने तो कला-वाणिज्याच्या पदवीधरांनाही खुला झाला. हे आमच्या मुलांना कोणी सांगतच नाही.

आता अर्जाविषयी. हा माझा प्रांत! "मी होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक आहे," हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे, की आळशी उमेदवार भेटला तर बरे वाटेल. गेल्या साली एका विद्यार्थिनीने असाच अर्ज आणला. बोलता बोलता कळले, की वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही तीन वर्षे तीच सांभाळते.

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"सर, ते घरचंच काम. ते काय लिहायचं?"

"तेच पहिल्या ओळीत लिही. खाती किती, वसुली कशी करतेस, सगळं."

तिने होतकरू-कष्टाळू खोडले आणि ऐंशी खाती लिहिली. जालन्याच्या एका बियाणे-दुकानात मुलाखत झाली, तेव्हा मालकांनी पदवीचा कागद बाजूला ठेवून उधारीबद्दलच विचारले. पगार बेताचा ठरला. वडिलांचा प्रश्न मात्र वेगळाच होता : पोर रोज एकटी गाडीने कशी जाणार? आठ दिवस घरात अबोला होता. नवव्या दिवशी तेच स्टेशनवर जाऊन तिचा महिन्याचा पास काढून आले.