मायक्रोवेव्ह खांद्याच्या खाली हवा

सोमाटणे फाट्यापासून तळेगाव, वडगावपर्यंत नव्या सोसायट्यांची रांग लागली आहे. चाकण आणि तळेगावच्या एमआयडीसीत नोकरी करणारी अनेक कुटुंबं इथे राहायला येतात. फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिलं मोठं काम निघतं ते मॉड्युलर किचनचं. त्यात हल्ली एक उंच कपाट असतं, दुकानदारांच्या भाषेत 'टॉल युनिट'. खाली ओव्हन, त्यावर मायक्रोवेव्ह. ओटा मोकळा राहतो, ही सोय खरीच. पण लॅमिनेटच्या रंगावर आठवडाभर चर्चा करणारं घर मायक्रोवेव्ह जमिनीपासून किती उंचीवर बसणार, हे क्वचितच विचारतं. डॉक्टर म्हणून मला नेमकी तीच काळजी वाटते.

भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर. म्हणजे तिचा खांदा साधारण सव्वाशे सेंटिमीटरवर येतो. मायक्रोवेव्हचा तळ दीडशेवर बसवला, तर तिला भांड्याच्या आतलं काहीच दिसत नाही. हात वर करून गरम आमटीचा बाउल काढताना तो अंगाकडे कलतो आणि सांडलेलं सगळं हनुवटी, गळा आणि छातीवर येतं. 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा पाचेक सेकंदांत खोलवर भाजते; 70 अंशांना सेकंदभरही पुरतो. घट्ट वरण तर पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून राहतं. गळ्याची खोल जखम भरताना त्वचा आक्रसते. मान वर करता येत नाही, हनुवटी खाली ओढली जाते. मग महिनोन्महिने व्यायाम, पट्टे आणि काही वेळा शस्त्रक्रिया.

म्हणून माप घ्यायचं ते घरात रोज मायक्रोवेव्ह वापरणाऱ्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाचं. ती बहुधा आई किंवा सासूबाई असते, नाहीतर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. मायक्रोवेव्हचा तळ त्यांच्या कोपर आणि खांदा यांच्या मधे यावा. सुताराला भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा आणि त्या उंचीवरून गार पाण्याने भरलेला बाउल उचलून पाहा. शेजारी एका पावलावर भांडं टेकवायला जागाही हवी. इंटिरियरवाला कुरकुर करेल, कारण शटरची रेष जुळत नाही. करू द्या.

खालच्या ओव्हनचा धोका वेगळा. त्याच्या दाराची काच तापते आणि उघड्या दारावर लहान मूल चढू पाहतं. ओव्हन कपाटाला आणि कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं बसवलेलं हवं. घरात रांगतं बाळ असेल, तर चाइल्ड लॉक असलेलाच ओव्हन घ्या.

आता विजेकडे वळू. ओव्हन अडीच ते साडेतीन हजार वॅट घेतो, मायक्रोवेव्ह बाराशे ते पंधराशे. 16 अँपिअरच्या एका सॉकेटची मर्यादा साधारण 3,700 वॅट. दोन्ही एकाच सॉकेटवर मल्टिप्लगने चालवले, तर वायर तापणारच, तीही कपाटामागे, कुणाला न दिसता. दोघांना स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि बाहेरून हात पोचेल असं बटण हवं. मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही पाहा. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

ओट्यावर ठेवायचा साधा मायक्रोवेव्ह बंद कप्प्यात कोंबू नये. त्याला हवा लागते. किती मोकळी जागा सोडायची ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बिल्ट-इन मॉडेलची हवा वेगळ्या मार्गाने खेळते, म्हणून त्यालाही पुस्तिकेतल्या मापाचाच कप्पा हवा. आणि बसत नाही म्हणून सुताराला मायक्रोवेव्हचं कव्हर उघडू देऊ नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब राहू शकतो. तो झटका जिवावर बेततो.

एवढं करूनही सांडलंच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. भाजून तीन तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. भिजलेला कपडा काढा, त्वचेला चिकटला असेल तर ओढू नका. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र उतरवा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नका; जखम किती खोल आहे ते आम्हाला दिसत नाही आणि बर्फाने इजा वाढते. लहान मूल भाजलं असेल, किंवा चेहरा, गळा, हात किंवा तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, तर पाणी ओतून झाल्यावर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून थेट रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर 108 क्रमांक फिरवा.